पाषाण रोडवरचे साहेब आणि पिसांचा कोट

इअरफोन घरी विसरलात? हरकत नाही. हा आजच्या भागाचा लेखी अवतार. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, दोन वाक्यं नीट केलीत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय कपडे. डोंगरात, तंबूत, पावसात अंगावर काय असावं, आणि ते माणसाला कळलं कसं, याचा इतिहास. वाटेत एव्हरेस्ट लागेल, दक्षिण ध्रुव लागेल आणि शेवटी आपण चक्क पुण्यात, पाषाण रोडवर येऊन थांबू. पण सुरुवात माझ्या एका फजितीपासून करतो. खरं तर फजिती हा हलका शब्द झाला.

पाचनईचा पाऊस

नोकरीला लागून पहिलंच वर्ष होतं. जुलै महिना. मी आणि माझा रूममेट, दोघंच हरिश्चंद्रगडाला निघालो, पाचनईच्या वाटेने. मी महिनाभर रिव्ह्यू वाचून भारी बूट घेतले होते. कपड्यांचा विचार मात्र शून्य. दोघांच्याही अंगात सुती टी-शर्ट आणि खाली जीन्स. एकच विंडचीटर, तो माझा. तोही दहा मिनिटांत आतून-बाहेरून ओला.

गावातून वर निघताना एक म्हातारे मामा दिसले. गुरं घेऊन चालले होते. डोक्यावरून काळ्या घोंगडीची खोळ, हातात काठी. धो धो पाऊस चालू आणि हा माणूस लोकर पांघरून फिरतोय! मी हसलो. म्हटलं, "मामा, जरा फोटो काढू का?" त्यांनी काढू दिला. मी तो स्टोरीला टाकला, खाली काहीतरी विनोदी लिहून. काय लिहिलं होतं ते आता सांगायची लाज वाटते.

वर पोहोचलो तेव्हा ढग, वारा, आडवा पाऊस. मंदिरापाशी तासभर थांबलो. चालताना जाणवलं नव्हतं, पण थांबल्यावर थंडी वाजायला लागली. उतरायला सुरुवात केली तेव्हा रूममेट थरथरत होता. मी म्हटलं, चालायला लागला की होईल ठीक. थोड्या वेळाने तो गप्प झाला. मग बोलायला लागला तर शब्द नीट येईनात, प्यायल्यासारखे लडबडत. दोनदा सपाट जागी अडखळला. मी विचारलं, "बरा आहेस ना?" तर म्हणाला, "मला इथे बसू दे, झोप येतेय."

तापमान काही शून्याखाली नव्हतं. वीस अंशांच्या आसपास असेल, म्हणजे ऑफिसातल्या एसीपेक्षा किंचित कमी. म्हणून मला कळलंच नाही की समोर काय चाललंय.

कसाबसा त्याला धरून गावात आणला. पहिल्याच घराच्या ओट्यावर एक आजी होत्या. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "आरं बघत काय बसलाय? ते वलं काढ आधी त्याच्या अंगातलं!" मी त्याची जीन्स काढायला लागलो. ओली जीन्स थरथरणाऱ्या माणसाच्या पायातून काढणं म्हणजे काय असतं, ते करून बघितल्याशिवाय समजणार नाही. आजींनी आतून घोंगडी आणली, त्याला गुंडाळला, चुलीपासून थोडा लांब बसवला आणि गूळ घातलेला चहा थोडा थोडा पाजला. अर्ध्या तासाने त्याला पुन्हा जोरात थंडी वाजायला लागली. मी घाबरलो. आजी म्हणाल्या, "आता काळजी न्हाई. कुडकुडतोय म्हंजी अंग जागं झालं."

मग आतून बाहेर आले ते सकाळचेच मामा. घोंगडी त्यांचीच होती.

त्या घोंगडीचा वरचा भाग अजून दमट होता, सकाळी पावसात फिरून आली होती ना. तरी आत गुंडाळलेला माणूस गरम होत होता. घरी आल्यावर तेच एक डोक्यात राहिलं. ओली लोकर माणूस वाचवते आणि ओलं सूत त्याला गारठवतं, हे असं का?

घाम, पाणी आणि हवा

आधी थोडं विज्ञान, अगदी सोप्या शब्दांत. कपडा आपल्याला गरम ठेवत नाही. गरम ठेवते ती कपड्यात अडकलेली हवा. स्थिर हवेतून उष्णता फार हळू जाते. पाण्यातून ती हवेच्या जवळपास २५ पट वेगाने जाते. म्हणजे ज्या कपड्यातली हवा जाऊन तिथे पाणी भरलं, तो कपडा आता तुमची उष्णता बाहेर काढायचं काम करतोय.

सुताला पाणी फार आवडतं. ते भरपूर पाणी शोषतं, भिजलं की लोळागोळा होऊन अंगाला चिकटतं, आणि हवेसाठी जागाच उरत नाही. वर ते वाळायला घेतं तासन् तास. त्यात जीन्स म्हणजे जाड सूत, घट्ट विणीचं. पावसाळी डोंगरात याच्याहून वाईट निवड करणं कठीण आहे.

लोकरीचं गणित वेगळं. लोकरीचा तंतू कुरळा असतो, त्यामुळे भिजला तरी पुरता आडवा पडत नाही, मधल्या पोकळ्या टिकतात. शिवाय हा तंतू स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के ओलावा पोटात घेतो, तरी हाताला फारसा ओला लागत नाही. आणि गंमत म्हणजे ओलावा शोषताना थोडी उष्णता बाहेर टाकतो.

आपल्या घोंगडीत अजून एक युक्ती आहे. दख्खनी मेंढीची लोकर मुळातच जाडीभरडी. सणगर विणकर ती खड्ड्याच्या मागावर विणतात आणि चिंचोक्यांची खळ देतात, त्यामुळे घोंगडी ताठ होते. डोक्यावर खोळ घेतली की पाणी आत झिरपण्याआधी बरंचसं उतारावरून ओघळून जातं, घराच्या छपरासारखं. मामांना हे कुणी पीपीटीवर समजावलं नव्हतं. पिढ्यान् पिढ्या पावसात उभं राहून ते त्यांच्याकडे आलं होतं.

रूममेटला झालं होतं त्याला हायपोथर्मिया म्हणतात, म्हणजे शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली जाणं. त्याला बर्फ लागत नाही. ओले कपडे, वारा आणि दमलेलं शरीर एवढं पुरतं.

हे सगळं कळल्यावर मी वाचत सुटलो. जगातल्या सर्वांत अवघड जागी गेलेल्या लोकांनी काय घातलं होतं? आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर यायला लागली. ज्याच्या कपड्यांना लोक हसले, बऱ्याचदा तोच बरोबर निघाला.

न हसणारा अमुंडसेन

पहिला माणूस मात्र उलटा आहे. हा हसला नाही, शिकला. नॉर्वेचा रोआल्ड अमुंडसेन १९०३ ते १९०५ या काळात कॅनडाच्या उत्तर टोकाला, आज ज्याला योआ हेवन म्हणतात तिथे दोन हिवाळे अडकून होता. आजूबाजूला राहणारे लोक नेट्सिलिक इन्युइट. तेव्हाचे बरेच युरोपीय प्रवासी अशा लोकांकडे कुतूहलाने बघायचे, फोटो काढायचे आणि पुढे जायचे. (ओळखीचं वाटतंय ना? मला वाटलं.)

अमुंडसेनने त्यांचे कपडे अंगात घालून पाहिले. रेनडिअरच्या कातड्याचे दोन थर, आतल्या थराची केसाळ बाजू अंगाकडे. आणि कपडे सैल! त्याच्या लक्षात आलं की हा सैलपणा मुद्दाम ठेवलेला आहे. आत हवा खेळती राहते, काम करताना घाम साचत नाही. बर्फात घाम हा शत्रू, कारण घामाने ओलं झालेलं कापड नंतर गोठतं.

१४ डिसेंबर १९११ ला अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोहोचला. ब्रिटनचा रॉबर्ट स्कॉट १७ जानेवारी १९१२ ला पोहोचला आणि परतीच्या वाटेवर त्याच्यासह पाचही जण गेले. स्कॉट फक्त कपड्यांमुळे हरला असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. कुत्र्यांच्या गाड्या, अन्न, इंधन, हवामान, कारणं खूप होती. पण स्कॉटची माणसं लोकरीवर वाराबंद गॅबर्डीन घालून स्वतः गाड्या ओढत होती, म्हणजे सतत घाम गाळत होती. कपडा आणि काम यांची जोडी जुळते का, हा प्रश्न तिथे जीवावरचा होता.

गॅबर्डीनबद्दल एक वाक्य, कारण ते पुढे परत येणार आहे. इंग्लंडमधल्या थॉमस बर्बेरीने १८७९ मध्ये हे कापड काढलं. त्याआधी कापड विणून मग त्यावर रबर फासायचे, त्यात माणूस उकडून निघायचा. बर्बेरीने सूतच आधी जलरोधक केलं आणि मग ते घट्ट विणलं. वारा अडतो, पाऊस बराचसा अडतो आणि थोडी वाफ बाहेर जाते. आज चौकटीच्या मफलरसाठी माहीत असलेली बर्बेरी, ती हीच.

रजई घालून एव्हरेस्टवर

आता आजचा हिरो. जॉर्ज इंगल फिंच. जन्म १८८८, ऑस्ट्रेलियात. लहानपणीच युरोपात आला, झुरिकमध्ये रसायनशास्त्र शिकला आणि सुट्टीत भावाबरोबर आल्प्स चढायचा, तेही बिनवाटाड्याचे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात शिकवायचा. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर आठवडाभर लॅब, वीकेंडला ट्रेक.

१९२२ मध्ये ब्रिटिश लोक एव्हरेस्ट चढायचा पहिला खराखुरा प्रयत्न करणार होते. तेव्हा गिर्यारोहण हा सभ्य गृहस्थांचा खेळ होता. ठरलेल्या शाळा, ठरलेली विद्यापीठं, ठरलेले क्लब आणि ठरलेला पोशाख: ट्वीडचं जाकीट, लोकरीचे स्वेटर, मफलर, पायाला गुंडाळलेल्या पट्ट्या. त्यात हा ऑस्ट्रेलियात जन्मलेला, युरोपात शिकलेला, तोंडावर बोलणारा केमिस्ट. १९२१ च्या टेहळणी मोहिमेतून त्याला तब्येतीचं कारण देऊन वगळलं होतं. १९२२ ला मात्र घ्यावं लागलं, कारण प्राणवायूची उपकरणं समजणारा माणूस हवा होता. ती उपकरणं वापरणं म्हणजे चीटिंग, असं मानणारेही त्या मंडळीत बरेच होते.

फिंचने प्रश्न केमिस्टसारखा मांडला. वर ऑक्सिजन कमी, म्हणजे शरीराची भट्टी मंद जळणार. थंडी प्रचंड, वारा त्याहून प्रचंड. लोकर चांगली, पण पुरेशी ऊब हवी तर इतके थर लागतील की हात वर होणार नाही. मग सर्वांत कमी वजनात सर्वांत जास्त हवा धरून ठेवणारी वस्तू कोणती? उत्तर: पिसं. आयडर नावाचं एक समुद्री बदक आहे. त्याची मादी अंडी उबवण्यासाठी पोटाखालची मऊ पिसं घरट्यात अंथरते. ही पिसं इतकी हलकी की मूठभर घेतली तरी हातात काही आहे असं वाटत नाही.

पण पिसांतून वारा आरपार जातो. त्यावर उपाय म्हणून फिंचने बलूनसाठी वापरायचं घट्ट कापड घेतलं. दोन कापडांच्या मध्ये पिसं, वर शिवणीचे कप्पे, म्हणजे पिसं खाली घसरून गोळा होणार नाहीत. लांबलचक कोट तयार झाला. आजच्या तुमच्या-माझ्या पफर जॅकेटचा हा पणजोबा.

दिसायला कसा असेल? रजई अंगात घातल्यासारखा. सोबतचे लोक हसले. साहजिक आहे, मीही हसलो असतो. मी तर घोंगडीला हसलो होतो.

मोहीम वर सरकली, थंडी वाढली आणि हसणं थांबलं. फिंचने डायरीत नोंद करून ठेवली की आता सगळ्यांना त्याच्या कोटाचा हेवा वाटतोय.

मग खरी परीक्षा आली. २१ मे १९२२ ला मॅलरी, नॉर्टन आणि सॉमरवेल प्राणवायूशिवाय सुमारे ८,२२५ मीटरपर्यंत गेले. तो तेव्हाचा विक्रम. फिंचला जोडीदार मिळाला जेफ्री ब्रूस, सैन्यातला तरुण अधिकारी. याआधी त्याने एकही मोठा डोंगर चढलेला नव्हता! तिसरा होता गुरखा जवान तेजबीर. तिघांनी ७,७०० मीटरच्या आसपास तंबू ठोकला आणि वादळ आलं. रात्रभर तिघं आतून तंबू धरून बसले, नाहीतर तो माणसांसकट उडून गेला असता. दुसरी रात्रही तिथेच काढावी लागली. तेव्हा अंगातली ऊब जाताना बघून फिंचला सुचलं की चढायला आणलेला प्राणवायू आत्ताच थोडा थोडा घेऊ. घेतला, आणि हातापायात ऊब परतली. भट्टीला हवा मिळाली.

२७ मेला ते वर निघाले. तेजबीर वाटेतून परतला. ब्रूसच्या उपकरणातली काचेची नळी फुटली, फिंचने ती तिथेच दुरुस्त केली, पण पुढे जाण्यात अर्थ नव्हता. २७,३०० फूट, म्हणजे सुमारे ८,३२० मीटर. माणूस याआधी इतक्या उंचीवर पायी कधीच गेला नव्हता. माथा अजून पाचशेएक मीटर वर होता.

त्याच मोहिमेत ७ जूनला पुन्हा प्रयत्न करताना हिमकडा कोसळला आणि सात भारवाहक गेले. या सातांच्या अंगावर काय होतं, याची चर्चा तेव्हाच्या क्लबांत फारशी झाली नाही. डोंगरातल्या कपड्यांच्या इतिहासात हीही नोंद असू द्या. चांगला कपडा सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही.

१९२४ आणि न नेलेला कोट

विक्रम करणाऱ्या फिंचला १९२४ च्या मोहिमेत घ्यायला हवं होतं ना? नाही घेतलं. व्याख्यानांच्या पैशांवरून त्याचा समितीशी वाद झाला होता, आणि तो 'आपल्यातला' तर आधीपासूनच नव्हता.

८ जून १९२४ ला मॅलरी आणि त्याचा तरुण सोबती आयर्विन वर जाताना शेवटचे दिसले. मॅलरीचा मृतदेह सापडला १ मे १९९९ ला, सुमारे ८,१५० मीटरवर. तब्बल ७५ वर्षांनी. अंगावरचे कपड्यांचे तुकडे शिल्लक होते: सूत, रेशीम, लोकर, वर गॅबर्डीन. पिसांचा कोट त्यात नव्हता. आयर्विनचा माग तर अगदी परवा, २०२४ मध्ये लागला. बर्फातून एक बूट बाहेर आला, आत मोजा, आणि मोज्यावर शिवलेली नावाची चिठ्ठी.

मॅलरीच्या कपड्यांवर ब्रिटिश विद्यापीठांतल्या लोकांनी फार सुंदर काम केलं. एकेक धागा तपासून हुबेहूब तसे कपडे विणून-शिवून घेतले आणि २००६ मध्ये ग्रॅहम हॉयलंड या गिर्यारोहकाने ते एव्हरेस्टच्या पायथ्याला घालून पाहिले. तोवर सगळे म्हणायचे, बिचारे ट्वीड घालून गेले, मरणारच. निघालं भलतंच. कपडे हलके होते, आरामदायक होते. रेशमाच्या थरामुळे वरची लोकर आतल्या लोकरीत अडकत नव्हती, हात सहज वर जात होते. चांगल्या हवेत, चालत राहिलं तर पुरेसे होते. पण उघड्यावर थांबावं लागलं, रात्र काढावी लागली, तर मात्र नाही.

हे वाचल्यावर मला पाचनईची उतरण आठवली. चालताना ठीक होतो. मंदिरापाशी थांबलो आणि घात झाला. चालतानाचे कपडे आणि थांबल्यावरचे कपडे वेगळे लागतात. या अख्ख्या भागातून एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

आणि आता पाषाण रोड

फिंचबद्दल वाचत असताना एका रात्री मी त्याच्या आयुष्याचा शेवटचा भाग वाचायला घेतला. म्हटलं, लंडनमध्ये निवृत्त झाला असेल. आणि ते वाक्य आलं: १९५२ ते १९५७, संचालक, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, पुणे.

मी दोनदा वाचलं. एनसीएल! मी रोज ऑफिसला जाताना तिच्या गेटवरून जातो. बसमधून उतरून कितीदा तिथे चहा घेतलाय. १९५० मध्ये सुरू झालेल्या त्या संस्थेचा हा दुसरा संचालक. म्हणजे २९ मे १९५३ ला तेनसिंग आणि हिलरी प्राणवायू घेऊन, पिसांचे कपडे बरोबर बाळगून एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले, त्या काळात या दोन्ही गोष्टींसाठी ३० वर्षांपूर्वी हसू झेललेला माणूस आपल्या पुण्यात नोकरी करत होता.

पुण्याहून परतल्यावर, १९५९ मध्ये, ज्या ब्रिटिश गिर्यारोहकांच्या वर्तुळाने त्याला बाहेर ठेवलं होतं, त्यांच्याच अल्पाइन क्लबने त्याला अध्यक्ष केलं. १९७० मध्ये तो गेला. कोटाचं श्रेय मात्र बराच काळ दुसऱ्यांच्या नावावर राहिलं. अमेरिकेत एडी बाउअर नावाचा दुकानदार हिवाळ्यात मासेमारीला गेला असताना थंडीने मरता मरता वाचला आणि १९३६ मध्ये त्याने पिसांचं जाकीट बाजारात आणलं, पुढे पेटंटही घेतलं. त्याची गोष्टही खरीच आहे. पण फिंचचा कोट त्याच्या चौदा वर्षं आधीचा.

नंतरची नवी कापडं

पुढचा इतिहास पटापट सांगतो, कारण तो तुमच्या कपाटात आहे. नायलॉन १९३५ मध्ये अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्सच्या प्रयोगशाळेत तयार झालं आणि हलकं, चिवट, पटकन वाळणारं कापड हाती आलं. १९६९ मध्ये बॉब गोरने टेफ्लॉनची कांडी तापवून हळूहळू ताणण्याऐवजी एकदम झटक्यात ताणली. ती तुटण्याऐवजी लांब झाली आणि तिच्यात अतिसूक्ष्म छिद्रं तयार झाली. पाण्याचा थेंब त्यातून आत शिरू शकत नाही, वाफ मात्र बाहेर पडते. हेच गोअर-टेक्स. बर्बेरीने १८७९ मध्ये जे साधायचा प्रयत्न केला, तेच रसायनाने जास्त चांगलं साधलं.

१९८० च्या सुमारास फ्लीस आलं. अमेरिकेतल्या माल्डन मिल्सने पॉलिएस्टरला लोकरीसारखं फुलवलं. भिजलं तरी ऊब राहते, पिळलं की वाळतं. म्हणजे एका अर्थाने कारखान्यात केलेली मेंढी.

पण फुकट काही मिळत नाही. फ्लीस धुताना प्लास्टिकचे बारीक तंतू पाण्यात जातात. पाणी न चिकटू देणारी जी रसायनं अशा कपड्यांत वापरली जायची, त्यांतली बरीच निसर्गात विघटनच होत नाहीत, म्हणून आता कंपन्या ती सोडत आहेत. त्यामुळे दर सीझनला नवं जॅकेट घेण्यापेक्षा एकच चांगलं घेऊन दहा वर्षं वापरणं, शिवण उसवली तर शिवून घेणं, हे खिशालाही बरं आणि डोंगरालाही.

मग आपण काय घालायचं?

आता ज्यासाठी तुम्ही इथपर्यंत आलात ते.

पावसाळी सह्याद्री: जीन्स नको. परत सांगतो, जीन्स नको. पटकन वाळणारी सैलसर पँट आणि पॉलिएस्टरचा साधा टी-शर्ट, फुटबॉलच्या जर्सीसारखा, चालतो. ब्रँडची गरज नाही. वर पोंचो किंवा रेनकोट, पण त्याचं मुख्य काम वारा अडवणं हे समजून घ्या. सह्याद्रीच्या पावसात तुम्ही भिजणारच, बाहेरून नाहीतर आतून घामाने. म्हणून सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला कोरड्या कपड्यांचा जोड आणि एक फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर. थांबलात की लगेच चढवा, थंडी वाजायची वाट बघू नका.

हिवाळी कॅम्पिंग: झोपायचे कपडे वेगळे ठेवा. दिवसभर घामेजलेला टी-शर्ट घालून स्लीपिंग बॅगमध्ये शिरू नका. पिसांचं जॅकेट मस्त, पण पिसं भिजली की चिपकतात आणि त्यांची सगळी ऊब जाते. म्हणून दव जास्त असेल तर ते तंबूतच वापरा किंवा कृत्रिम भरणाचं घ्या. माकडटोपी घाला. फोटो वाईट येतो, झोप चांगली लागते.

उन्हाळा: इथे सुताला वाईट म्हणू नका. कोरड्या उन्हात पातळ, सैल, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घामाने गारवा देतो. जो गुण पावसात मारतो, तोच उन्हात तारतो.

हिमालय: तीन थर. अंगालगत घाम खेचणारा, मधे ऊब धरणारा, वर वारा-पाऊस अडवणारा. चढताना थर काढा, थांबल्यावर घाला. आळस करू नका. मॅलरीकडेही थर होते.

आणि सोबतचा माणूस थरथरता थरथरता गप्प झाला, अडखळायला लागला, बोलणं लडबडलं, तर त्याला 'चाल, बरं वाटेल' म्हणू नका. आडोसा शोधा, ओले कपडे काढा, कोरडं गुंडाळा, शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर गोड गरम पाजा, आणि मदत बोलवा. दारू अजिबात नको.

शेवटचं

रूममेट आता बंगळुरूला असतो. अजून ट्रेक करतो. तो दिवस त्याला नीट आठवत नाही, मला मात्र मिनिट न् मिनिट आठवतो.

मी दुसऱ्या वर्षी पाचनईला परत गेलो. त्या स्टोरीचा स्क्रीनशॉट फोनमध्ये होता, तो आधीच काढून टाकला होता. मूळ फोटो मात्र छापून नेला. मामांनी तो बघितला आणि म्हणाले, "घोंगडी बरी आलीय." आजींना चहाची पावडर आणि गूळ दिला, त्या म्हणाल्या, "जीन घालून आला न्हाईस ना?" मी पँट दाखवली. त्यांनी कापड चिमटीत धरून बघितलं, आणि मान डोलावली. माझ्या आयुष्यातला सगळ्यात कडक कोड रिव्ह्यू तो.

घोंगडी मी ट्रेकला नेत नाही, खोटं कशाला बोलू. ती जड आहे आणि माझ्याकडे फ्लीस आहे. पण एक घरी घेऊन ठेवलीय. पावसाळ्यात खिडकीशी बसून याच पॉडकास्टचं एडिटिंग करताना पायावर असते.

पुढच्या वेळी पाषाण रोडने जाल तेव्हा एनसीएलच्या गेटकडे एकदा बघा. आणि डोंगरात कुणाच्या अंगावरच्या कपड्याला हसू आलंच, तर आधी त्याला विचारा की हे का घातलंय. उत्तर बहुतेक वेळा ऐकण्यासारखं असतं.

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत कोरडे राहा!